दुसरी चावी कुठे गेली?

मी एक लाल कुलूप बोलतोय. जवळ या, पण फार जवळ नको. तुमच्या खिशात काय खुळखुळतंय ते आधी ऐकू द्या. सुटी नाणी असतील तर हरकत नाही. चावी असेल तर ती कशाची ते सांगा, मग पुढचं बोलू.

रागावू नका. संशय हा माझा स्वभाव नाही, धंदा आहे. डॉक्टर जीभ बघतो, शिंपी माप बघतो, तसं मी माणसाचा हात बघतो. ओला की कोरडा, घाईचा की सवडीचा, मालकाचा की परक्याचा, सगळं मला कळतं. कळून उपयोग मात्र काही नाही. चावीचे दात जुळले की हात कुणाचाही असो, मला उघडावंच लागतं. नाही म्हणायची सोय माझ्यात ठेवलेलीच नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. सगळे भाऊ लाल, सगळ्यांच्या पोटावर एकच पट्टी: ‘माणूस आत आहे’. तेव्हाच मला कळलं की आपण दारासाठी किंवा कपाटासाठी नाही. आम्हाला चोरापासून राखण करायची नसते, यंत्रापासून करायची असते. प्रत्येकाच्या गळ्यात दोन चाव्या बांधल्या होत्या, जुळ्या बहिणींसारख्या, दाताला दात सारखा. मी तेव्हाच मनात म्हटलं, एका कुलपाला दोन चाव्या कशाला? काहीतरी भानगड आहे.

तिथून मी आलो थेट एका ड्रेजरवर. ड्रेजर म्हणजे बंदराच्या तोंडाशी उभं राहून तळाचा गाळ ओढणारं जहाज. दिसायला तरंगती गिरणी, आवाजालाही तशीच. तिच्या पोटात एक पंप आहे. तो गाळ पितो आणि लांब नळातून दूर नेऊन ओकतो. पण तळाशी नुसता गाळ नसतो. दगड असतात, तुटके दोर असतात, कुणीतरी फेकलेले टायर असतात. ते अडकले की पंप गुदमरतो. मग एक माणूस त्याचं झाकण उघडतो आणि कमरेपर्यंत आत शिरून हातानं, पहारीनं, हातोड्यानं ते अडकलेलं काढतो. आत परातीएवढ्या पात्यांचा पंखा असतो. तो माणूस आत असताना वर कुणी स्विच वर केला, तर काय होईल ते मी सांगायची गरज नाही.

ते एकदा झालं होतं. म्हणून तर मला आणलं.

आम्हाला फिटर लोकांत वाटून देणारा स्टोअरवाला पूर्वी तिथलाच फिटर होता. त्याच्या उजव्या हाताला आता दोनच बोटं आहेत. त्या दोन बोटांनी तो कुलपं अशी मोजायचा की पाच बोटांवाल्यानं लाजावं. आम्हाला वाटताना त्यानं सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, “मी आत होतो. दगड निघाला. मी वॉकीटॉकीवर म्हणालो, मोकळा झाला. मी पंपाबद्दल बोललो. वरच्याला वाटलं, मी माझ्याबद्दल बोललो. बाकीची तीन बोटं तिथेच राहिली, तेवढी पंपानं ठेवून घेतली.”

 मग त्यानं नियम सांगितला. जो आत जाईल त्यानं स्वतःचं कुलूप स्विचला लावायचं, चावी स्वतःच्या खिशात ठेवायची, आणि बाहेर आल्यावर स्वतःच्या हातानं काढायचं. दुसरी चावी सगळ्यांसमोर कापायची.

शिकंज्यात धरून एकेक चावी तो कापत गेला. माझ्या भावांच्या सगळ्या दुसऱ्या चाव्यांचे दोन दोन तुकडे झाले. माझी पाळी आली आणि हॅक्सॉचं ब्लेड तुटलं.

“राहू द्या,” ड्रेजरचे मुख्य होते, त्यांना सगळे मास्तर म्हणत, ते म्हणाले. “ती मी नंतर तोडतो. द्या इकडे.”

चावी त्यांच्या ड्रॉवरमध्ये गेली. ड्रॉवर बंद झाल्याचा आवाज मी ऐकला. चावी तुटल्याचा आवाज काही मी पुढे ऐकला नाही. तेव्हापासून माझ्या मनात पाल चुकचुकत राहिली ती राहिलीच.

मी ज्याच्या वाट्याला आलो तो नवा फिटर. हात मोठे, तोंड हसरं, भरवसा टाकण्यात उदार. बोटीवर कुलूप ठेवलं तर कुणीतरी आपल्या कपाटाला लावतं, म्हणून तो मला रोज डब्याच्या पिशवीत घालून घरी न्यायचा. माझी चावी एका तेलकट दोऱ्यात ओवून माझ्याच कडीला बांधलेली असायची. कामाच्या वेळी दोरा सोडायचा, चावी खिशात टाकायची, एवढं मात्र तो न चुकता करायचा. बहुतेक वेळा.

घर दोन खोल्यांचं. त्यात तो, त्याची आई, आणि तीन महिन्यांपूर्वी लग्न होऊन आलेली त्याची बायको. ती फार बोलत नसे. पण तिचं लक्ष सगळीकडे असे. कोणत्या भांड्याला पोचा आहे, कोणत्या चपलेचा अंगठा सैल झालाय, दूधवाला आज कोणत्या बाजूनं आला, सगळं तिला ठाऊक. दाराला कुलूप लावलं की ती ते एकदा ओढायची, थांबायची, आणि पुन्हा ओढायची.

“आपल्या घरात काय खजिना पुरलाय का गं?” सासूबाई विचारायच्या.

“नाही, आई.”

“मग दोनदा कशाला?”

“एकदा कुलपासाठी, एकदा माझ्यासाठी.”

सासूबाई कपाळाला हात लावायच्या. मला मात्र ती बाई पहिल्या दिवसापासून पटली. म्हटलं, ही आपल्यातली.

एका रविवारी तिनं माझ्या चावीचा तेलकट दोरा बघितला, नाक मुरडलं, आणि चावी सोडवून घेतली. जुना दोरा टाकून दिला. निळ्या जाड दोऱ्याचा गोफ विणला, साबणानं धुतला, चावी त्यात ओवली आणि वाळायला खिळ्यावर टांगली. नव्या संसारातलं कौतुक होतं ते. पण सोमवारी फिटरला उशीर झाला. त्यानं पिशवी उचलली आणि पळाला. पिशवीत डबा होता, मी होतो. चावी खिळ्यावर राहिली.

मी दाबलं की बसणारं कुलूप आहे. लावायला चावी लागत नाही. तो दिवस पंपाच्या बाबतीत वाईटच होता. जुन्या धक्क्याचे दगड लागत होते. सकाळी एकदा पंप गुदमरला. फिटरनं घाईघाईनं स्विच खाली केला, मला अडकवलं, खट्कन दाबलं आणि खाली उतरला. खिसा चाचपलाच नाही.

स्विच होता त्याच खोलीत पंप चालवणारे लिव्हरकाका बसायचे. बावीस वर्षं तोच लिव्हर, तीच खुर्ची. फिटरला ते ‘बाळा’ म्हणायचे, डब्यातलं लोणचं द्यायचे. भला माणूस. पण समोरच्या भिंतीवर एक फळा होता, त्यावर पंप किती मिनिटं बंद राहिला ते रोज लिहायचं आणि संध्याकाळी ते ऑफिसला जायचं. मिनिटं वाढली की मास्तरांचा चेहरा उतरायचा, आणि मास्तरांचा चेहरा उतरला की काकांना घास गिळवत नसे.

फिटर बाहेर आला, शिडीवरून ओरडला, आणि काकांनी मला काढलं. हो, काकांनी. चावी कोरड्या हातात होती. दात माझेच, हात परका. ड्रॉवरमधली जुळी बहीण. ती माझ्या पोटात फिरली तेव्हा तिचं अंग जराही गंजलेलं नव्हतं. ही काही तिची पहिली खेप नव्हती.

फिटर वर आला तेव्हा मी टेबलावर होतो. “मीच काढलं रे,” काका म्हणाले. “तुझे हात चिखलाचे.” फिटरला वाटलं, आपण चावी कुलपालाच ठेवून गेलो असणार. त्यानं विचारलं नाही. भरवसा टाकणारी माणसं विचारत नाहीत, हीच त्यांची खोड.

दुपारी पुन्हा तेच. मी लागलो, तो उतरला. बराच वेळ गेला. फळ्यावरची मिनिटं वाढत होती. मग वॉकीटॉकी खरखरली आणि फिटरचा आवाज आला, “काका, मोकळा झाला.”

काकांनी चावी घातली. मी उघडलो. त्यांनी मला टेबलावर ठेवलं आणि स्विचवर हात टेकवला.

आणि खालून हातोडा वाजला.

एक. दोन. तीन.

टेबल लोखंडी होतं, ठोके माझ्या पोटात उतरले. पट्टीवर अजून लिहिलेलं होतं, माणूस आत आहे. काकांचा हात तसाच राहिला. ते इतके हलके श्वास घेत होते की मला त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली. मग त्यांनी हात खाली घेतला. फिटर शिडीवर दिसेपर्यंत ते नुसते उभे राहिले. तो आला, मला टेबलावर बघून हसला, डबा उघडून बसला.  काकांनी त्या दिवशी लोणचं दिलं नाही, एवढंच.

हे माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. आणि मला तोंड नाही, नुसता कान आहे, तोही चावीपुरता.

संध्याकाळी घरी तिनं पिशवी उघडली. डबा काढला, मला काढलं, आणि खिळ्याकडे बघितलं.

“आज पंपात उतरला होतात?” तिनं विचारलं.

“दोनदा,” तो पाय धुताधुता म्हणाला. “आज पंपानं अगदी जीव नकोसा केला.”

“कुलूप लावलं होतं?”

“म्हणजे काय. लावल्याशिवाय उतरतो का मी?”

“मग उघडलं कशानं?”

“चावीनं. अजून कशानं उघडतात?”

तिनं खिळ्यावरची चावी काढून त्याच्यापुढे धरली. निळा गोफ, वाळलेला. त्यानं हातातला तांब्या खाली ठेवला.

“ही इथे होती,” ती म्हणाली. “सकाळपासून.”

“मग नीट बसलं नसेल कुलूप,” तो म्हणाला. “कधीकधी बसत नाही ते.”

माझा अपमान झाला असं मी म्हणणार नाही, पण झाला. मी न बसायला काय झालंय? तिनं मला खिडकीच्या गजाला लावलं. खट्. एकदा ओढलं, दोनदा ओढलं. मी तसूभर हललो नाही. तिनं चावीनं मला काढलं आणि त्याच्याकडे बघितलं.

“काकांनी काढलं म्हणाले,” तो हळूच म्हणाला.

“कशानं?”

“अगं, ते वडिलांसारखे आहेत. असं विचारायचं असतं का? तुला ना, संशयाचं व्यसन आहे.”

“वडिलांसारखे असतील. चावी कशी आली एवढंच विचारते.”

सासूबाई आतून म्हणाल्या, “जाऊ दे ना गं, घरी तर आलाय ना धडधाकट.”

“आले, आई,” ती म्हणाली आणि ताटं मांडायला गेली. पण मला पिशवीत ठेवताना तिचे हात गार होते. मला कळतं ते.

सकाळी तिनं आपली माहेरची ट्रंक उघडली आणि तिचं पितळी कुलूप काढलं. ठेंगणं, जाडजूड, तेही दाबून बसणारं. “हे पण लावा आज,” ती म्हणाली. “माझ्यासाठी.”

“दोन दोन कुलपं? हसतील मला.”

“हसू द्या. हसणारा माणूस निदान जिवंत असतो.”

तो हसला आणि घेऊन गेला. तिनं पितळी कुलपाबरोबर एक चावीही दिली होती. मला खरं तर त्या पितळ्याचाही राग येत होता. पिशवीत माझ्या शेजारी असं ऐसपैस पसरलं होतं, जणू माहेरचं पाहुणं. पण त्याच्या शेजारी खुळखुळणारी ती चावी मी ऐकली आणि सगळा राग विरला. ती त्या कुलपाची नव्हतीच. कपाटाची होती. आणि ज्या बाईला दूधवाल्याची बाजू पाठ, तिची चावी चुकून बदलेल? मी मनात हसलो आणि गप्प बसलो.

दहाच्या सुमारास पंप गुदमरला. फिटरनं स्विच खाली करून आधी मला लावलं, मग थोडं लाजत पितळ्याला. काकांनी बघितलं. चेष्टा केली नाही.

काम झालं, फिटर वर आला. मला काढलं. पितळ्यात चावी घातली, फिरवली. हलेना. उलटी घातली. हलेना. काकांनी प्रयत्न केला, मास्तर आले, त्यांनी केला. पितळं ढिम्म. ड्रॉवरमध्ये त्याची जुळी बहीण नव्हती ना.

“कापा ते,” मास्तर म्हणाले.

स्टोअरवाला दारात उभा होता. “कापतो की,” तो म्हणाला. “फक्त वहीत लिहावं लागेल. कुलूप कुणाचं, का कापलं, कुणाच्या हुकमानं. खाली सही तुमची. पान संध्याकाळी ऑफिसला जातं.”

मास्तरांनी फळ्याकडे बघितलं, वहीकडे बघितलं. “लाँच पाठवून याच्या घरून खरी चावी आणायला किती वेळ लागेल?”

“तास-सव्वा तास.”

“पाठवा,” मास्तर म्हणाले.

ड्रेजर थांबला तसा भोवतालच्या पाण्याचा आवाज ऐकू येऊ लागला. माझ्या जन्मात मी तो पहिल्यांदा ऐकत होतो. लाँच परत आली तेव्हा त्यात ती होती. लाइफ जॅकेट तिला इतकं मोठं होत होतं की त्यातून फक्त डोळे आणि पर्स दिसत होती. वर येऊन तिनं पर्समधून चावी काढली, पितळी कुलूप उघडलं, आणि ते हातात धरून तिथेच उभी राहिली.

“चुकून दुसरी चावी गेली हो,” ती म्हणाली.

“असू दे, सूनबाई,” मास्तर म्हणाले. “होतं असं. काका, चला, सुरू करा.”

“एक विचारू?” ती म्हणाली.

आवाज मोठा नव्हता. पण यंत्र बंद होतं, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेला.

“काल या लाल कुलपाची चावी आमच्या घरी खिळ्यावर होती. मी दोरा धुतला होता, तो वाळत होता. हे काल दोनदा आत उतरले. कुलूप दोन्ही वेळा उघडलं गेलं. ते कशानं उघडलं, तेवढं मला कुणीतरी सांगा.”

फिटरनं खाली बघितलं. “अगं,” तो म्हणाला.

“बाई, हा कामाचा प्रश्न आहे,” मास्तर म्हणाले. “घरचा नाही.”

“कुलूप घरूनच येतं,” ती म्हणाली. “रोज. डब्याच्या पिशवीतून. आणि यांनासुद्धा मी घरूनच पाठवते.”

 मग लिव्हरकाकांनी शर्टाच्या खिशात हात घातला. चावी निघाली, माझी दुसरी चावी. ती त्यांनी टेबलावर माझ्याशेजारी ठेवली.

“मास्तरांच्या ड्रॉवरमधली आहे,” ते म्हणाले. “मी घ्यायचो अधूनमधून. मिनिटं वाचायची.” ते फिटरकडे वळले. “काल दुपारी तू म्हणालास, मोकळा झाला. मी कुलूप काढलं, स्विचला हात लावला. आणि बाळा, तू हातोडा मारलास.”

फिटरनं खाली जाणाऱ्या शिडीकडे बघितलं. “शेवटचा बोल्ट,” तो म्हणाला. “पंख्याचा. मी आतच होतो. तीन ठोके मारले मी.”

“तीनच,” काका म्हणाले. “रात्रभर मोजले.”

मास्तर खुर्चीवर बसले. “मी नंतर तोडणारच होतो ती,” ते म्हणाले.

“हो ना,” स्टोअरवाला म्हणाला. “माझी बोटंसुद्धा नंतर जोडू म्हणाले होते.”

त्यानं दोन बोटांत चावी उचलली आणि शिकंज्यात धरली. या वेळी ब्लेड नवं होतं. दोन तुकडे पडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला, म्हणूनच सांगतो. एक तुकडा त्यानं तिच्या हातावर ठेवला. “घ्या, वहिनी. पुरावा.” दुसरा त्यानं वहीच्या पानावर चिकटवला, शेजारी सगळं लिहिलं, आणि पान मास्तरांपुढे सरकवलं. मास्तरांनी सही केली. काकांनी न सांगता केली.

त्या दिवसापासून ड्रेजरवर ‘मोकळा’ हा शब्द बंद आहे. दगड निघाला की ‘पंप साफ’ म्हणायचं, आणि माणूस वर आला की त्यानं स्वतः काकांसमोर उभं राहून ‘मी बाहेर’ म्हणायचं. मग आपलं कुलूप आपण काढायचं. काकांनी तर एवढा धसका घेतलाय की परवा सुटी मागताना म्हणाले, “मास्तर, मी उद्या जरा... रिकामा होऊ का?” सगळे हसले. मास्तरही.

आता माझा लाल रंग उडालाय. ‘माणूस आत आहे’मधला ‘आत’ पुसट झालाय, स्टोअरवाला नवी पट्टी आणतो म्हणतोय, पण ‘नंतर’ हा शब्द ऐकला की अजून माझ्या अंगावर काटा येतो. पितळी पाहुणं परत ट्रंकेवर गेलं. कापलेल्या चावीचा तुकडा खिळ्यावर टांगलेला आहे, आणि सासूबाई आल्यागेल्याला तो दाखवून सांगतात, “आमच्या सूनबाईनं जहाज थांबवलं.” दाराला कुलूप लावलं की हल्ली त्याही ओढून बघतात. दोनदा.

तुम्हाला वाटत असेल, आता तरी याचा संशय गेला असेल. गेला नाही. माझ्या दोनच चाव्या होत्या, हे मला त्या शेडमध्ये सांगितलेलं आहे, मी स्वतः मोजलेलं नाही. म्हणून जाता जाता एवढंच मागतो. तुमचा माणूस कुठे खाली, आत, अंधारात उतरत असेल, तर चावी कुणाच्या खिशात आहे ते विचारा. वडिलांसारख्या माणसालाही विचारा, त्यालाच आधी विचारा. तो खरंच तसा असेल तर रागावणार नाही. आणि मला लावलंत की माझ्यावरही विश्वास ठेवू नका. ओढून बघा.

सकाळ झाली. पिशवी भरली गेली. फिटर दारात उभा आहे, निळा गोफ गळ्यात. ती काही विचारत नाही. तोच पिशवीत हात घालतो, मला डब्याच्या कडीला लावतो आणि तिच्या देखत ओढतो.

एकदा माझ्यासाठी. एकदा तिच्यासाठी.